चालत्या यंत्राला हार

माधवनगरला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंना कुणीतरी सांगितलं की मोहन साताऱ्याला फ्रीजवर असतो. कुणीतरी म्हणजे माझ्या आईनेच. पुढच्या रविवारी मी घरी आलो तर काकू दारात उभ्या, हातात फ्रीजच्या दाराचं रबर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. "दार नीट लागत नाही रे. दूध नासतंय. एवढा शिकलायस, एवढं बघ." मी बघितलं. रबर गरम पाण्यात बुडवून सरळ केलं, बसवून दिलं, दार लागलं. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत माझ्या शिक्षणाबद्दल कुणाला शंका राहिलेली नाही. आणि खरं सांगायचं तर पहिल्या फटक्यात जमलेलं आणि जमल्यावर तसंच राहिलेलं असं माझ्या आयुष्यातलं हे एकमेव काम.

आमचा फ्रीज जरा वेगळा आहे. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, पूर्वी जिथे पंप जोडायचे अशा शेडमध्ये आमची प्रयोगशाळा. बाहेरून गोदाम. आत छताच्या चौकटीला एक पांढरं पिंप टांगलेलं, माणसाच्या उंचीचं. पिंपाच्या पोटात सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या एकाखाली एक, समई उलटी टांगावी तशा, आणि प्रत्येक तबकडी वरचीपेक्षा गार. सगळ्यात खालची इतकी गार की दोन ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत जाऊन उभं राहिलात तरी तिथे त्यामानाने उकडेल. त्या तबकडीला नखाएवढी चिप चिकटवलेली असते आणि चिपवर अ‍ॅल्युमिनियमच्या रेघांनी काढलेले पाच क्यूबिट. क्वांटम संगणकाची ही मुळाक्षरं. एवढ्या थंडीत अ‍ॅल्युमिनियममधून वीज कुठेही न अडखळता वाहते, म्हणून यांना अतिवाहक क्यूबिट म्हणतात. त्यांना वळण लावणं ही माझी नोकरी.

पाहुणे पुष्कळ येतात. सांगलीच्या बाजारपेठेतले एक गुळाचे व्यापारी आले होते. पिंपाभोवती प्रदक्षिणा घातली, टकटक करून पाहिलं आणि विचारलं, यात द्राक्षं किती दिवस टिकतील? म्हटलं, टिकतील कितीही, पण आत घालायला दोन दिवस आणि बाहेर काढायला दोन दिवस. ते म्हणाले, मग तुमच्यापेक्षा आमचं कोल्ड स्टोरेज बरं. 

वळण लावायचं म्हणजे नागपंचमीच्या झोक्यासारखं समजा. झोक्याची स्वतःची लय असते. त्या लयीत हलका हात लावला तरी झोका चढतो, लय चुकवून ढकललंत तर तुम्हीच पडाल. क्यूबिटचंही तसंच, फक्त हात म्हणजे मायक्रोवेव्ह लहरींचा छोटासा ठोका, केबलीतून खाली पाठवलेला. त्याच्या लयीत पुरता ठोका दिला की शून्याचा एक होतो. अर्धाच दिला तर तो ना शून्य ना एक, मध्येच अधांतरी राहतो, आणि सगळी गंमत त्या अधांतरीपणात आहे. ठोका केवढा, किती वेळ, कोणत्या आकाराचा, हे मी ठरवतो. काल बरोबर होतं ते आज बरोबर असेलच असं नाही, म्हणून रोज सकाळी पाची जणांची चौकशी करून मगच कामाला लागायचं. घरी मी एवढी कुणाची करत नाही, असं बायकोचं म्हणणं आहे.

आणि ते विसरतात. अधांतरी ठेवलेला क्यूबिट पापणी लवायच्या आत, खरं तर त्याच्या कितीतरी आधी, आपण कसे होतो ते विसरून शून्यावर येऊन बसतो. जे काही करवून घ्यायचं ते त्याने विसरायच्या आत. आमचा सगळा धंदा म्हणजे विसराळू माणसाकडून घाईघाईने काम करवून घेणं.

आता दोन माणसांची ओळख करून देतो. पहिले बापू. आटपाडीचे, सैन्यात गाड्या-जनरेटर दुरुस्तीच्या तुकडीत हवालदार होते, निवृत्तीनंतर आमच्याकडे लागले. कॉम्प्रेसर, गार पाण्याचा चिलर, वीज, एसी हा सगळा संसार त्यांच्याकडे. आमचे क्यूबिट एकदा रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर बिघडायला लागले. ठोके चुकायचे, उत्तरं भलतीच यायची, संध्याकाळपर्यंत परत शहाणे. मी तऱ्हतऱ्हेची गणितं केली, त्यावर एक भाषणही ठोकलं. शेवटी एकदा डबा विसरला म्हणून मधेच परत आलो, तर ठोके पाठवणाऱ्या यंत्रांच्या खोलीतला एसी बंद. खोली तापली की यंत्रांचा ठोका बदलायचा. बापूंना विचारलं. ते म्हणाले, "मानूस न्हाई खोलीत, तर एसी कुनासाठी चालवायचा?" हिशेब सैन्यातला आणि बिनतोड. मी सांगितलं की खोलीत माणूस नसला तरी यंत्रं असतात. बापूंनी ते लगेच मान्य केलं. त्यानंतर ते यंत्रांना माणसातच धरायला लागले, आणि ही गोष्ट पुढे फार महागात पडली.

दुसरी शहनाज. डॉक्टर शहनाज शिकलगार, आमच्या चिपा बनवणारी. ती बनवायची, मी वळण लावायचो. कुणाचं काम अवघड यावर आमचं इतकं भांडण व्हायचं की नवीन लोकांना वाटायचं आम्ही नवरा-बायको आहोत. सांगलीची मुलगी. तिच्या अब्बांचं हळदीच्या पेठेजवळ कात्र्या-विळ्यांना धार लावायचं दुकान, आजोबांपासूनचं. ती म्हणायची, "आमच्या घरात मीच पहिली, जिच्या वस्तूने काही कापत नाही." मला ती 'मोहनराव' म्हणायची, माझी चेष्टा करायची असेल तेव्हा. म्हणजे नेहमीच.

शहनाज आता नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच आशा लावून बसाल. मी बसलो होतो.

तिच्या शेवटच्या चिपवरचा तिसरा क्यूबिट अचाट निघाला. बाकीचे चौघे जेवढा वेळ लक्षात ठेवत, त्याच्या दसपट हा ठेवायचा. पापणी लवण्याच्या हजाराव्या हिश्श्याइतका वेळ! तुम्हाला हसू येईल. आम्ही पेढे वाटले. का, ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही. धातूवरच्या गंजाच्या थरात अणूंच्या काही बारीक खोडी असतात, त्या क्यूबिटला विसरायला लावतात. या एकाच्या वाट्याला त्या खोडी आल्याच नव्हत्या. शहनाजने त्याचं नाव ठेवलं हाफिज, ज्याला सबंध कुराण पाठ असतं त्याला म्हणतात तसं. अब्बा आधी रागावले. मग दर आठवड्याला फोनवर विचारायला लागले, हाफिजसाहेबांची तब्येत कशी आहे?

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांना ठाऊक होती. या खोडी गोठलेल्या असतात तोवर जागच्या जागी राहतात. फ्रीज तापला, परत गार केला, की त्या नव्याने मांडल्या जातात. चिप तीच, रेघा त्याच, पण क्यूबिट नवीन स्वभाव घेऊन उठतो. म्हणजे हाफिज हाफिज होता तो फक्त या थंडीपुरता.

त्याच सुमारास शहनाजला कॅन्सर निघाला आणि ती सांगलीला अब्बांकडे गेली. तिला एकच गोष्ट बघायची होती. हाफिज आणि त्याच्या शेजारचा क्यूबिट यांना एकत्र बांधायचा एक ठोका तिने स्वतः कागदावर रचला होता. असा की दोघांचं नशीब एक व्हावं, एकाला विचारलं की दुसऱ्याचं कळावं. तो ठोका खरंच तिच्या मनासारखा चालतो का, याची मोजणी तेच पुन्हा पुन्हा करत बरेच तास चालणारी होती, आणि दर वेळी तो लांबलचक ठोका संपेपर्यंत लक्षात ठेवायचा दम फक्त हाफिजमध्ये होता. महिनाभर मी त्या ठोक्याला सूर लावत होतो. इकडे डॉक्टरांनी औषधांचं बोलणं सोडून तिला आवडेल ते खायला घाला असं सांगायला सुरुवात केली होती.

दिवस आम्ही विचार करून निवडला. खंडेनवमी. ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यापासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत सगळी हत्यारं पुसून, हळदकुंकू लावून पूजतात आणि त्या दिवशी कामाला लावत नाहीत. अख्ख्या वसाहतीतले प्रेस, हातोडे, लेथ बंद. जमीन हलत नाही, वीज थरथरत नाही. वर्षातला इतका शांत दिवस दुसरा नाही. मोजणी साताऱ्याला चालणार, आणि ती मी सांगलीहून, शहनाजच्या पलंगाशेजारी बसून, लॅपटॉपवर चालवणार, म्हणजे तिला डोळ्यांनी बघता येईल. प्रयोगशाळेत बापू एकटे, आणि त्यांना वेगळं काही बजावायची गरज मला वाटली नाही.

फ्रीजची पूजा आमच्याकडेही दरवर्षी व्हायची, पण चालू ठेवून. बापू बाहेरच्या चौकटीला झेंडूचा हार घालायचे, कॉम्प्रेसरला नारळ दाखवायचे आणि दरवर्षी पुटपुटायचे की हे काही खरं नाही. शहनाज त्यांना हसत म्हणायची, बापू, याला चालता चालताच हार घालायचा, नवरदेवासारखा.

त्या सकाळी ती उशा लावून बसली होती. अब्बांनी शिरा केला होता, तिने दोन घास खाल्ले. मोजणी सुरू झाली. पडद्यावर एकेक ठिपका उमटत होता आणि ते ठिपके मिळून एक वळण घेत होते, अगदी तिने कागदावर काढलेलं वळण. मी नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजात समालोचन करत होतो, कुस्तीच्या मैदानावर करतात तसं. आले हाफिजसाहेब, लाल लांगेत, पंजाला पंजा लावला... शहनाज हसता हसता खोकली आणि म्हणाली, गप्प बसा, बघू द्या.

वळण अर्ध्यावर आलं असेल. पुढचा ठिपका भलतीकडेच पडला. त्याच्या पुढचा आणखी खाली. मला वाटलं माझा ठोका सरकला. मी आकडे बदलायला लागलो. शहनाजने माझा हात धरला.

"ठोका नाही," ती म्हणाली. "आधी शेजारचा गेला, मग हा. दोघं एकदम विसरायला लागलेत. तापमान बघा."

तापमान चढत होतं. मी बापूंना फोन लावला. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. पाठीमागे घंटा वाजत होती. मी फोन स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवला. बापू, कॉम्प्रेसर बंद पडलाय, असं मी ओरडलोच.

"पडला न्हाई सायेब, मी बंद केलाय," बापू शांतपणे म्हणाले. "पूजा हाय न्हवं."

मी विचारलं, कुणाला विचारून?

"इचारायचं काय त्येच्यात? मागं चिप बदलायला तुमी दोन-तीनदा बंद केलावताच की. परत झाला की गार. आवं, इतकी वर्सं चालत्या मशीनला हार घातला आपन. तिला कवा इसावा दिला न्हाई. आन ताई अशा आजारी पडल्या. यंदा म्हनलं, रीतसर करायचं. ताईंच्या नावानं सांगितलंय देवाला."

मी तोंड उघडलं होतं. त्यात काय येणार होतं ते इथे छापता येणार नाही. शहनाजने बोट ओठावर ठेवून मला गप्प केलं. मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं, आत्ता चालू केला तर, या अर्थाने. तिने नाही अशी मान हलवली. पडद्यावरचा आकडा ती माझ्या आधी वाचून बसली होती. अ‍ॅल्युमिनियम अतिवाहक राहतं त्या मर्यादेच्या तापमान केव्हाच पलीकडे गेलं होतं, आणि तापणं थांबायची चिन्हं नव्हती.

तिने फोन जवळ ओढला. "बापू, आरती झाली का?"

"न्हाई ताई. आता सुरू करनार, तेवढ्यात ह्यांचा फोन."

"मग करा. सावकाश करा. झाली की मोहनरावांना फोन लावा, ते सांगतील तसं चालू करा."

"लवकर बऱ्या व्हा ताई," बापू म्हणाले आणि फोन ठेवला.

अब्बा दारात उभे होते. त्यांनी मला हळूच विचारलं, काय झालं? मी सांगितलं, बापूंनी पूजेसाठी यंत्र बंद केलं. अब्बा म्हणाले, "मग बरोबरच केलं की. आमच्या दुकानातले कारागीरबी आज चाक बंद करत्यात. फिरत्या चाकाला हार घालंल का कोन? हात जाईल की." शहनाज हे ऐकून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. अब्बांना आपलं काय चुकलं ते कळेना. ते टॉवेल घेऊन आले आणि तिचे पाय पुसत बसले, कोरडेच होते ते.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, तुम्ही साताऱ्याला जा, नीट गार करा. आणि बापूंना एक शब्द बोलू नका. मी सांगेन.

मी गेलो. बापूंनी प्रसाद दिला, मी खाल्ला. कॉम्प्रेसर त्यांनी पुसून आरशासारखा केला होता. फ्रीज पुरता तापलेला नव्हता, म्हणून दोन दिवसांऐवजी रात्रभरातच परत गार झाला आणि दसऱ्याच्या सकाळी मी पाची जणांची चौकशी केली. हाफिजची लय जराशी सरकली होती, ते चालतं. पण अधांतरी ठेवला की बाकीच्या चौघांइतक्याच वेळात विसरत होता. मी पुन्हा मोजलं. मग उगाचच आणखी एकदा मोजलं. नंतर शहनाजला फोन करून आकडा सांगितला. ती "बरं" म्हणाली. मी म्हटलं, मी येतो. बाहेर आलो तर बापू पिशवी घेऊन गाडीशी उभे. म्हणाले, ताईंना सोनं द्यायला येतो.

साताऱ्याहून सांगलीपर्यंत मी गाडीत गप्प बसलो, हे माझ्या ओळखीच्या कुणाला सांगितलं तर तो माझी नाडी बघेल. कराड गेलं, इस्लामपूर मागे पडलं. बापू मधून मधून विचारत होते, सायेब, दाढ दुखतीय का? मी मान हलवत होतो. मग तेच एकटे बोलत राहिले. हार कुठून आणला, नारळ पहिल्या फटक्यात कसा फुटला, आणि यंत्र बंद झाल्यावर शेडमध्ये इतकी शांतता पसरली की त्यांना स्वतःच्या आरतीची लाज वाटली.

शहनाज आदल्या दिवसापेक्षा खाली सरकलेली होती. उशी एकच. बापू चपला काढून आत आले, पलंगाशी स्टुलावर बसले, पिशवीतून आपट्याची पानं काढून हातात घेतली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून द्यायचं विसरून गेले.

तिनेच सुरुवात केली. पूजा कशी झाली ते विचारलं. बापूंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, झेंडू, नारळ, कापूर. तिने डोळे मिटून ऐकलं, एकदाही अडवलं नाही. सगळं संपल्यावर म्हणाली, "माझ्यासाठी केलीत, ती पोचली मला. आता एक ऐका. पुढच्या वर्षी चालू ठेवूनच करा."

"का वं ताई?"

"ते बंद केलं की विसरतं."

बापू यंत्रातला माणूस. त्यांना आणखी सांगावं लागलं नाही. 

"हाफिजभाई?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काल, मी बंद केला तवा?"

"हो, बापू."

"आन ते तुमचं चाललं होतं, जोडायचं..."

"अर्ध्यापर्यंत बघितलं मी. बरोबर चाललं होतं."

 सैन्यातल्या माणसाचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला, जणू कुणी त्याच्या हातून काहीतरी काढून घेतलंय आणि काय ते त्याला आठवत नाहीये. अब्बा चहा घेऊन आले, दारातच थांबले. बापू उठायला लागले. पानं परत पिशवीत ठेवायला त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं.

शहनाजने चादरीखालून हात काढला. त्याला सलाईनच्या सुईची पट्टी होती. तो हात तिने बापूंच्या पुढे पसरून धरला आणि खाली घेतला नाही.

"द्या की सोनं, बापू," ती म्हणाली. "हात दुखतोय माझा."